भिडू सगळेच

विरुद्ध बाजूला कोणी बसलेलंच नसेल तर खेळायचं कुणाशी, आणि हरवायचं कुणाला? दिवाळीत मिरजेच्या घरी धाकट्या दिरांनी जेवणाच्या टेबलावर पट उलगडला तेव्हा मला हा प्रश्न पडला आणि बराच वेळ तो सुटला नाही. मी पत्त्यांच्या घरातली. माहेरी मे महिन्याची सुट्टी म्हणजे मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, झब्बू. सासरीही तेच, फक्त आवाज दुप्पट. खेळ म्हटला की समोर कोणीतरी असणार, त्याच्या हातातली पानं आपल्याला दिसणार नाहीत आणि उठताना कोणावर तरी कोट चढलेला असणार, हे मी धरूनच चालले होते. इथे दीर सांगत होते, "वहिनी, आपण चौघं एकाच बाजूला. जिंकलो तर सगळे, नाहीतर सगळेच हरलो."

"मग आपल्या विरुद्ध कोण?"

"हा खेळच," ते म्हणाले आणि ठोकळे मोजायला लागले.

खेळाचं नाव पॅनडेमिक. मॅट लीकॉक या अमेरिकी माणसाने तो रचला आणि २००८ मध्ये तो बाजारात आला. पटावर जगाचा नकाशा, त्यात ४८ शहरं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. रोग चार, त्यांचे रंग चार: निळा, पिवळा, काळा, लाल. प्रत्येक रंगाचे २४ ठोकळे. नकाशातला आपला भाग काळ्या रंगात येतो. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई ही चारही शहरं त्यात आहेत आणि मुंबईहून निघालेली एक रेघ थेट कराचीला जाते. चारही रोगांवर औषध सापडलं की आपण जिंकलो. पटावरचे ठोकळे सगळे उचलले गेले पाहिजेत अशी अट नाही. हरायचे रस्ते मात्र अनेक. आठ उद्रेक झाले की हरलो, एखाद्या रंगाचे ठोकळे संपले की हरलो, आणि आपण दर पाळीला ज्या कॅटमधून पानं उचलतो तो संपला तरी हरलोच.

नाव ऐकून सासूबाईंनी आधी हात मागे घेतला. आई सरकारी आरोग्य खात्यात परिचारिका होत्या. २०२० च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातले पहिले रुग्ण इस्लामपूरला सापडले आणि त्यानंतरचे महिने मिरजेने कसे काढले ते त्या निवृत्तीनंतर घरात बसून, जुन्या सहकारी बायकांच्या फोनवरून ऐकत होत्या. "त्याचा काय खेळ करायचा?" असं त्या म्हणाल्या, रागाने नाही, पण मनापासून. दिरांनी त्यांना सांगितलं की हा खेळ कोविडच्या बारा वर्षं आधीचा आहे, आणि यात आपण रोग पसरवत नाही, आवरतो. त्यांना ते पटलं की नातीचा चेहरा बघून त्या बसल्या हे मला कळलं नाही. बसल्या मात्र.

प्रत्येकाला एक भूमिका मिळते. आईंच्या वाट्याला मेडिक आली: बाकीच्यांना एका वेळी एकच ठोकळा उचलता येतो, मेडिक एका कृतीत शहरातले त्या रंगाचे सगळे ठोकळे उचलते. अकरा वर्षांची पुतणी सायंटिस्ट. औषध शोधायला इतरांना एका रंगाची पाच पानं लागतात, तिला चार पुरतात. मी रिसर्चर, म्हणजे माझ्याबरोबर एकाच शहरात उभ्या असलेल्या भिडूला मी हवं ते शहराचं पान देऊ शकते. दीर डिस्पॅचर, म्हणजे दुसऱ्यांची प्यादीही हलवू शकणारे. सगळ्यांची प्यादी सुरुवातीला अटलांटात. माझे सासरे, अप्पा, टेबलाच्या टोकाला पेपर घेऊन बसले होते.

मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते दोन कॅटांनी. दोन्ही कॅटांमध्ये शहरांचीच नावं. एका कॅटमधली मुंबई हातात आली तर ती कामाची: ते पान टाकून मुंबईला विमानाने जाता येतं, किंवा काळ्या रोगाच्या औषधासाठी ते जपून ठेवता येतं. दुसऱ्या कॅटमधली मुंबई उलटली तर मुंबईवर ठोकळा चढतो. तेच शहर, तेच नाव, एकीकडे मदत आणि दुसरीकडे संकट. पाळी आली की चार कृती करायच्या, मग पहिल्या कॅटमधून दोन पानं घ्यायची, मग दुसऱ्या कॅटमधून पानं उलटून रोग पसरवायचा. हा तिसरा भाग आपणच आपल्या हाताने करायचा असतो. शत्रूचा डावही मीच खेळायचा हे पचायला मला वेळ लागला. मेंढीकोटात समोरच्याचं पान समोरचाच टाकतो.

पण या खेळाची खरी करामत त्या दुसऱ्या कॅटमध्येच आहे, आणि ती समजल्यावर मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. सुरुवातीला नऊ शहरांची पानं उलटतात. तीन शहरांवर तीन ठोकळे, तीनवर दोन, तीनवर एक. ही पानं बाजूला पडतात. पुढे दर पाळीला अजून दोन-दोन शहरं. आपल्याला वाटतं, जी शहरं येऊन गेली ती सुटली. तेवढ्यात पहिल्या कॅटमधून, म्हणजे आपल्या मदतीच्या कॅटमधून, एपिडेमिकचं पान निघतं. मग रोगाच्या कॅटच्या तळाचं पान काढायचं. ते शहर अजून कोरं असतं, त्याच्यावर एकदम तीन ठोकळे. त्यानंतर बाजूला पडलेली सगळी पानं पिसायची आणि कॅटच्या वर ठेवायची. तळाशी नाही, वर. म्हणजे जी शहरं आधीच आजारी आहेत तीच पुन्हा यायला लागतात. फासा नाही, समोर माणूस नाही, तरी हा कॅट नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवतो. साथ पसरते तीही अशीच. जिथे रोग आहे तिथेच तो पुन्हा डोकं वर काढतो. एवढ्या साध्या युक्तीने एका माणसाने कागदाच्या पानांना वैरी करून ठेवलं याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

पहिल्या रात्री माझ्याच पाळीला ते घडलं. मुंबईवर तीन काळे ठोकळे होते, कराचीवर तीन, दिल्लीवर दोन. नुकतीच पानं पिसून वर ठेवली होती. मी रोगाच्या कॅटचं वरचं पान उलटलं: मुंबई. एका शहरावर एका रंगाचे तीनच ठोकळे राहतात. चौथ्याची वेळ आली की उद्रेक होतो, आणि शेजारच्या प्रत्येक शहरावर एकेक ठोकळा जातो. मुंबईचे शेजारी कराची, दिल्ली, चेन्नई. चेन्नईवर एक ठेवला. दिल्लीवर ठेवला, तिचे तीन झाले. कराचीवर आधीच तीन, म्हणून कराचीचाही उद्रेक: तेहरान, बगदाद, रियाध, आणि पुन्हा दिल्ली. दिल्लीचे आत्ताच तीन झालेले, म्हणून तीही फुटली: तेहरानवर अजून एक, चेन्नईवर अजून एक, कोलकात्यावर एक. एका पानात तीन उद्रेक, आणि माझ्या हातून आठ काळे ठोकळे पटावर गेले. टेबलाभोवती कोणीच काही बोललं नाही. मला कोणी "वहिनी, काय हे!" म्हटलं नाही, कारण त्यात माझं काही नव्हतंच, पान कोणाच्याही पाळीला निघालं असतं. पण ते ठोकळे माझ्या बोटांनी ठेवले होते.

तो डाव आम्ही थोड्याच वेळात हरलो. पुतणी जर्मनीत वाढलेली, हे खेळ तिच्या ओळखीचे, तरी ती म्हणाली, "पण मग आता चिडायचं कुणावर?" तिने ते गंभीरपणे विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर मोठ्यांपैकी कोणाकडेच नव्हतं.

हरल्यावर जे झालं ते माझ्यासाठी नवीन होतं. पत्त्यात कोट चढला की हरलेले उठतात, पाणी पितात, पुढच्या डावाची भाषा करतात; जिंकलेल्यांशी बसून आपलं कुठे चुकलं याची चर्चा कोणी करत नाही. इथे उठायलाच कोणी तयार नव्हतं. कराची आधी का रिकामी केली नाही, पुतणीकडे तीन लाल पानं असताना माझ्याकडचं टोकियो तिला वेळेत का पोचलं नाही, सगळं पुन्हा मांडून बघणं चाललं. अप्पांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "पिसून वर ठेवलेल्या पानांत कुठली शहरं आहेत ते आपल्याला माहीतच असतं की. क्रम माहीत नाही, पण नावं माहीत आहेत." आयुष्यभर मेंढीकोट खेळलेला माणूस, कुठली दश्शी पडली आणि कुठली अजून हातात आहे हे त्यांच्या डोक्यात आपोआप राहतं. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्या नावांकडे लक्ष ठेवलं की हा खेळ नशिबाचा उरत नाही.

एक गोष्ट मला त्या रात्री खटकली. दिरांना खेळ पाठ. आईंची पाळी आली की ते सांगायचे, "आई, तू इथून इथे जा, हे उचल, मग इथे." आई प्यादं उचलून सांगितलं तिथे ठेवायच्या. माझ्या पाळीलाही तसंच. त्यांचा हेतू चांगला होता, सगळ्यांनी जिंकावं हाच, आणि सांगत होते तेही बहुतेक बरोबर होतं. पण चौघांच्या नावावर एकच माणूस खेळत होता. समोर शत्रू नसला की हे फार सहज होतं: सगळ्यांचं भलं एकच, मग ज्याला जास्त कळतं त्याने ठरवावं, बाकीच्यांनी हलवावं. घरातही आपण बरेच निर्णय असेच घेतो. लग्नाचा हॉल, बापाचं ऑपरेशन, मुलीची शाखा. कोणीतरी एक जाणता, आणि बाकीचे त्याने सांगितलेल्या जागी प्यादी ठेवणारे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नियमपुस्तिका घेऊन बसले. डिस्पॅचरबद्दल त्यात लिहिलं आहे की तो दुसऱ्याचं प्यादं हलवू शकतो, पण ज्याचं प्यादं त्याची संमती असेल तरच. हे वाचून मी थांबले. सगळे एकाच बाजूचे, सगळ्यांचं हित एक, तरीही दुसऱ्याचं प्यादं हलवण्याआधी विचारायचं. हे खेळ रचणाऱ्याने मुद्दाम लिहून ठेवलंय. धाकट्या जावेला मी ते दाखवलं तर ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे जर्मनीतल्या मित्रांतही हीच भांडणं होतात. म्हणून आम्ही ठरवलंय, ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा. त्याने विचारलं तर सांगायचं, नाहीतर गप्प." रात्री तिने ते नवऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं. दिरांनी मानलं, त्यांना ते जड गेलं हे दिसत होतं, पण मानलं.

त्या रात्रीचा एक प्रसंग सांगते. आईंची मेडिक कराचीत उभी होती. रियाधवर तीन ठोकळे, मुंबईवर तीन, दिल्लीवर दोन. कृती चारच. दिरांच्या मनात रियाध होतं, ते त्यांच्या बोटावरून कळत होतं. पण बोलले नाहीत. आई बराच वेळ पटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी मुंबईला जाते. मुंबई रिकामी. मग दिल्ली. दिल्ली रिकामी." चार कृती संपल्या. "आणि रियाध, आई?" दिरांना राहवलं नाही. आईंनी रियाधच्या रेघा मोजून दाखवल्या, तीन. दिल्लीच्या मोजल्या, पाच. "साथीत रुग्ण कुठे जास्त एवढंच बघून चालत नाही. जिथून जास्त गावांना एसटी सुटते ते गाव आधी धरायचं." नोकरीतलं त्यांचं ते ज्ञान आम्ही कोणी कधी विचारलं नव्हतं.

पुढच्याच पाळीत रियाध उलटलं. उद्रेक झाला, बगदाद, कैरो, कराची यांच्यावर एकेक ठोकळा गेला आणि तिथेच थांबला. नंतर मुंबई निघाली तेव्हा तिच्यावर एकच ठोकळा बसला. आदल्या रात्रीसारखी माळ लागली नाही. तो डावही आम्ही हरलोच, तीन औषधं सापडली आणि चौथ्याआधी पानं संपली. पण आईंनी पट आवरताना स्वतःच ठोकळे रंगांप्रमाणे वेगळे केले आणि "उद्या लवकर बसू" म्हणाल्या.

असे खेळ आले कुठून, हे मी दिरांना विचारलं. मला वाटत होतं की हे अलीकडचं खूळ असेल. तसं नाही. कॅनडात जिम डिकोव्ह यांनी १९७२ मध्ये फॅमिली पास्टाइम्स नावाने सहकाराचेच खेळ काढायला सुरुवात केली. मुलांनी एकमेकांना हरवण्यापेक्षा एकमेकांना मदत करावी, हा त्यांचा विचार. जर्मनीत लहान मुलांसाठी फळबागेचा एक खेळ घरोघरी असतो. कावळा येण्याआधी सगळ्यांनी मिळून झाडांवरची फळं उतरवायची. मोठ्यांच्या खेळांत २००० मध्ये राइनर क्निझिया या गणितज्ञाने लॉर्ड ऑफ द रिंग्जवरचा खेळ रचला. त्यात सगळे खेळाडू एका बाजूला आणि सॉरॉन दुसऱ्या. आता तर जर्मनीत १९७९ पासून दिला जाणारा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षं सहकाराच्याच खेळांना मिळाला आहे: डॉर्फरोमांटिक, स्काय टीम आणि बॉम्ब बस्टर्स. जिथे असे खेळ खूप खेळले जातात तिथल्या जाणत्यांनी हे निवडलेत.

पण मला सांगायचं आहे ते या पुरस्कारांपेक्षा वेगळं. एकाने सगळ्यांचं खेळायचं, ही जी अडचण आम्हाला मिरजेत आली ती खेळ रचणाऱ्यांनाही ठाऊक आहे, आणि तिच्यावरचे त्यांचे उपाय मला फार आवडले. उपाय म्हणजे बोलण्यावर बंधन.

दिरांच्या बॅगेत द क्रू नावाचा पत्त्यांचा खेळ होता. थॉमस झिंग यांनी तो रचला, २०१९ मध्ये निघाला, आणि पुढच्याच वर्षी त्याला मुरलेल्या खेळाडूंसाठीच्या खेळाचा जर्मन पुरस्कार मिळाला. गोष्ट अंतराळवीरांची, नवव्या ग्रहाच्या शोधाची, पन्नास मोहिमा. गोष्ट बाजूला ठेवली तर हा आपला मेंढीकोटच. चार रंग, एक ते नऊ पानं, आणि चार रॉकेटं म्हणजे कायमचा हुकूम. उतारीच्या रंगाचं पान असेल तर तेच टाकायचं, मोठं पान हात करणार. पॅनडेमिकच्या पुस्तिकेवर आमचा तासभर गेला होता. हा खेळ अप्पांना दोन वाक्यांत कळला. पेपर कायमचा बाजूला गेला आणि ते समोर येऊन बसले.

फरक एवढाच, की इथे हात जास्त करायचे नसतात. प्रत्येकाला नेमून दिलेलं पान ज्याच्या त्याच्याच हातात पडायला हवं. आणि बोलायचं नाही. मेंढीकोटात बोलायचं नसतंच, पण खाकरणं, भुवया, पान जोरात आपटणं हे सगळं आमच्याकडे चालत आलेलं. इथे तेही नाही. एका मोहिमेत प्रत्येकाने एकदाच, एकच पान सगळ्यांसमोर ठेवायचं आणि त्यावर एक चकती. चकती वर ठेवली तर हे माझं त्या रंगाचं सर्वात मोठं पान, खाली ठेवली तर सर्वात लहान, मध्ये ठेवली तर एकुलतं एक. बस, एवढीच भाषा.

एका डावात अप्पांना हिरवी तिर्री मिळवायची होती. ती आईंकडे होती. आईंनी ती समोर ठेवून चकती मध्ये ठेवली: माझ्याकडे हिरवं हे एकच. म्हणजे हिरवी उतारी झाली की तिर्री पडणारच. तेव्हा हात अप्पांचाच व्हायला हवा, नाहीतर मोहीम बुडाली. माझ्या हातात हिरवी सत्ती आणि पंजी. अठ्ठी आणि नव्वी कुठे, काही पत्ता नाही. एक अप्पांकडे आणि एक पुतणीकडे असेल, दोन्ही पुतणीकडेही असतील. मी पिवळी नव्वी उतरले. पुतणीकडे पिवळं संपलं होतं, तिला काहीही टाकायची मुभा होती. तिने हातातली पानं पुन्हा पुन्हा लावली, आणि हिरवी नव्वी टाकली.

एवढं मोठं पान, माझ्या हातावर फुकट. पाच-तीन-दोनमध्ये असं कोणी केलं असतं तर त्याला पुन्हा खेळायला घेतलं नसतं. पण ती मला सांगत होती की मी वाटेतून बाजूला झाले. आता हिरव्यात मोठं पान आजोबांचंच. अठ्ठीही तिच्याकडे असती तर नव्वी टाकण्यात काही अर्थ नव्हता, म्हणजे अठ्ठी अप्पांकडेच. हात माझा झाला होता, उतारी माझी. मी हिरवी पंजी टाकली. अप्पांनी अठ्ठी ठेवली, आईंची तिर्री पडली, आणि अप्पांनी तो हात ओढून घेताना नातीकडे ज्या नजरेने बघितलं ती मी त्यांच्या मुलांसाठीही कधी बघितली नव्हती. एक शब्द न बोलता अकरा वर्षांच्या मुलीने तीन मोठ्या माणसांना एक पूर्ण विचार समजावून सांगितला होता. तिला कोणी सुचवलं नव्हतं, सुचवायची सोयच नव्हती.

या शांततेने आमच्या घरात जे केलं ते मी कौतुकाने सांगते. दिरांना सगळ्यात जास्त येत होतं, पण सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनाही आमच्यासारखंच समोरच्याच्या पानावरून त्याच्या मनातलं ओळखावं लागलं. आईंच्या चकतीकडे ते जितक्या लक्षपूर्वक बघत होते तितक्या लक्षपूर्वक त्यांनी आदल्या रात्री आईंचं बोलणंही ऐकलं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर मी दोन मैत्रिणींना हनाबी शिकवला, तेव्हाही हेच बघितलं. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा हा खेळ. २०१३ चा जर्मन पुरस्कार त्याला मिळाला. यात आपली पानं आपण उलटी धरतो. ती सगळ्यांना दिसतात, फक्त आपल्याला नाही. पाच रंगांत एक ते पाच क्रमाने पानं लावत न्यायची. माझ्या हातात काय आहे ते मला मैत्रिणीच सांगणार, तेही फक्त रंग किंवा फक्त आकडा, आणि अशा सूचना आठच. एखादं पान टाकून दिलं की एक सूचना परत मिळते. पहिले काही डाव आम्ही सूचना वाया घालवल्या. मग माझ्या एका मैत्रिणीने माझ्या एकाच पानाकडे बोट करून "हा दोन" म्हटलं. दोन कुठला, रंग कुठला, काही नाही. पण तिने आत्ताच का सांगितलं? पटावर निळा एक नुकताच लागला होता. सांगण्यासारखं शंभर असताना तिने हे सांगितलं, म्हणजे लावायचाच असणार. मी लावला. निळाच होता. आम्ही तिघी पंचवीस वर्षांच्या मैत्रिणी, तासन् तास फोनवर बोलणाऱ्या. आणि तिने दोन शब्दांत काय म्हटलं यावर मी इतका वेळ कधी विचार केला नव्हता.

सगळेच सहकाराचे खेळ सगळ्यांना आवडतील असं मला वाटत नाही. माझ्या नवऱ्याला समोर कोणीतरी हवंच असतं. तो एक डाव खेळला आणि पुन्हा कॅरमकडे गेला. त्यालाही त्याचा आनंद आहे. पॅनडेमिक सुरुवातीला लांबतो, आणि इंग्रजी पुस्तिका घरातल्या एकाने आदल्या दिवशी वाचून ठेवली नाही तर टेबलावरचे सगळे कंटाळतात.

तुमच्याकडे हे नवीन असेल तर माझं सांगणं एवढं. घरात मेंढीकोट खेळला जात असेल तर द क्रूने सुरुवात करा, नियमांचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. पॅनडेमिक घेतलात तर पहिल्यांदा एपिडेमिकची चारच पानं घाला. पुस्तिकाही नवख्यांना तेच सांगते. ज्याला खेळ येतो त्याने इतरांच्या पाळीला विचारल्याशिवाय बोलू नये, हे पट मांडायच्या आधीच ठरवून टाका, मध्येच ठरवायला गेलं तर कोणीतरी दुखावतं. आणि घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल तर त्याला लिंबूटिंबू म्हणून बाजूला बसवू नका. या खेळांत त्याच्या हातची पानं सगळ्यांना लागतात.